फिल्म कॅमेरा मॅन्युअलवर कसा चालवायचा: रिकाम्या कॅमेऱ्यापासून पहिल्या रोलपर्यंत

कॅमेरा हातात आल्या आल्या रोल घालायची घाई करू नका, निदान दोन दिवस तो रिकामाच वापरा. फिल्म कॅमेऱ्याला मागे स्क्रीन नसते, चूक झाली की नाही ते रोल धुऊन आल्यावर कळतं, कधी कधी महिन्याने, आणि तोपर्यंत त्या दिवशी आपण नक्की काय सेटिंग ठेवलं होतं ते पार विसरलेलो असतो. म्हणून, आणि मॅन्युअल म्हणजे उजेडाचं सगळं आपणच लावायचं म्हणून, डोक्याआधी हाताला शिकवायचं. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी) एक घर फिरवली की किती उजेड कमी झाला, वरची शटरची डायल (फिल्मसमोरचा पडदा किती वेळ उघडायचा ते ठरवणारी) एक घर फिरवली की किती, हे बोटांना कळलं पाहिजे, बाकी सगळं त्यावर उभं आहे. याला सगळे स्टॉप म्हणतात, मी घर म्हणतो कारण हाताला ते तसंच लागतं, टक करून बसणारं एकेक घर.

हे सगळं ३५ एमएमच्या एसएलआर (लेन्समधूनच बघायच्या) कॅमेऱ्यांना धरून लिहितोय, म्हणजे पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-२, ऑलिम्पस ओएम-१ असले. यांचं शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) लागते, बॅटरी संपली तरी फोटो निघतात. कॅनन एई-१ चं तसं नाही, तिथे शटरच इलेक्ट्रॉनिक आहे त्यामुळे बॅटरी नसेल तर बटण दाबून काहीच होत नाही, म्हणून असा कॅमेरा मेलेला वाटला तर आधी बॅटरी बदलून बघा आणि मगच बिघडला म्हणा. आणि ओएम-१ वाल्यांनो, तुमच्या कॅमेऱ्याच्या वर जी डायल आहे ती आयएसओची (फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते त्या आकड्याची) आहे, शटर स्पीडची रिंग लेन्सच्या मुळाशी आहे, पहिल्या दिवशी बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो.

आधी रिकामा कॅमेरा

आत रोल नाही ना याची खात्री करून घ्या. डावीकडची रिवाइंडची छोटी दांडी उलगडून हलकेच फिरवा, अजिबात विरोध न होता गरगर फिरली तर बहुधा आत काही नाही, पण जड लागली आणि ताण आला तर आत कुणाचा तरी अर्धवट रोल आहे, मग मागचं झाकण उघडू नका, आधी तो रोल गुंडाळून घ्या (कसा ते शेवटी सांगतो). रिकामा असेल तर तोच नॉब वर ओढा, बहुतेक कॅमेऱ्यांचं मागचं झाकण असंच उघडतं.

मधोमध दिसतो तो शटरचा पडदा, कापडाचा किंवा धातूच्या पातळ पात्यांचा. त्याला बोट लावायचं नाही, एकदाही नाही. एफएम-२ सारख्यांची पाती इतकी पातळ असतात की बोटाच्या दाबाने वाकतात. झाकणाच्या कडेच्या खाचेत काळा फोम असतो तोही बघून घ्या, जुना झाला की तो चिकट डांबरासारखा होतो आणि मग तिथून उजेड आत शिरतो, तसं असेल तर रोल घालायच्या आधी तो बदलून घ्या.

आता शटरची डायल 'बी' वर लावा, उजव्या अंगठ्याजवळचा लिव्हर (फिल्म पुढे सरकवून शटर चढवणारा) ओढा, लेन्सची रिंग २२ किंवा १६ वर न्या, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मागच्या बाजूने बघत बटण दाबून धरा. 'बी' म्हणजे बटण दाबलेलं आहे तोवर शटर उघडं. तुम्हाला लेन्सच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं उजेडाचं भोक दिसेल. बटण तसंच दाबून धरून दुसऱ्या हाताने रिंग सावकाश फिरवा, १६, ११, ८, ५.६, आणि प्रत्येक टकला लेन्समधली पाती मागे सरकतात, भोक मोठं होत जातं, शेवटी २ वर पोचलात की पाती गायब आणि अख्खी काच उजेडाने भरलेली. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आकडा लहान तर भोक मोठं हा उलटा हिशोब परत कधी पाठ करावा लागत नाही.

मग शटरची पाळी. लेन्स पूर्ण उघडी ठेवून १ सेकंदापासून सुरू करा आणि प्रत्येक स्पीडला खिडकीकडे बघत बटण दाबा. यांत्रिक शटर १ सेकंदाला आत चक्रं फिरल्यासारखा कुरकुर आवाज करतं, जुन्या कॅमेऱ्यात वंगण सुकलं की हेच मंद स्पीड आधी अडकतात. १/६० पर्यंत उघडझाप नीट जाणवते, १/१००० ला नुसती उजेडाची फट चमकून जाते. पडदा मध्येच अडकतोय किंवा अर्धी चौकट काळी राहतेय असं दिसलं तर कॅमेरा आधी दुरुस्तीला द्या.

एक महत्त्वाचं, झोर्की किंवा फेड असले सोव्हिएत रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून फोकस करायचे कॅमेरे) असतील तर शटर स्पीड बदलायच्या आधी लिव्हर किंवा नॉब फिरवून शटर चढवून घ्यायचं, मगच स्पीड लावायचा. न चढवता स्पीड बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

घरं मोजायला शिका

शटरच्या डायलवर १२५ लिहिलंय म्हणजे १/१२५ सेकंद. १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १०००, प्रत्येक घराला वेळ निम्मा. हे सोपं आहे. लेन्सवरचे आकडे विचित्र वाटतात, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२, पण त्यातही प्रत्येक घराला उजेड निम्माच होतो. हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भोकाची रुंदी, ५० एमएमच्या लेन्सला एफ/२ म्हणजे २५ एमएमचं भोक आणि एफ/४ म्हणजे १२.५ एमएमचं. रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून २ पासून ४ पर्यंत दोन घरं आणि मध्ये २.८. काही लेन्सला मध्ये अर्ध्या घरालाही टक असते, तेव्हा मोजताना आकड्याकडे लक्ष ठेवा. शटरची डायल मात्र बहुतेक यांत्रिक कॅमेऱ्यांत दोन आकड्यांच्या मध्ये ठेवायची नाही.

आता खरा खेळ. १/१२५ ला एफ/८ बरोबर आहे असं समजा. तुम्हाला मागचं धूसर हवंय म्हणून एफ/२.८ ला जायचंय. रिंग मोजत फिरवा, ५.६ एक, ४ दोन, २.८ तीन. तीन घरं उजेड वाढवला, मग डायलवर तीन घरं उजेड कमी करा, २५० एक, ५०० दोन, १००० तीन. झालं, १/१००० ला एफ/२.८, फिल्मवर पडणारा उजेड तेवढाच. हे टीव्ही बघता बघता रिकाम्या कॅमेऱ्यावर करत बसा, शंभर वेळा करा, आकडा न बघता नुसत्या टक मोजून जमायला लागलं की रोल घ्यायला हरकत नाही.

तिसरी घरं आयएसओची, १००, २००, ४००, दर वेळी दुप्पट. पण आयएसओ रोल घातला की ठरून गेलेला असतो, मधे बदलायचं नाही. जुन्या डायलवर एएसए लिहिलेलं असतं, आकडा तोच. १९८३ पासून रोलच्या डबीवर डीएक्स कोडच्या चंदेरी पट्ट्या यायला लागल्या ज्या वाचून कॅमेरा आपोआप आयएसओ ओळखतो, पण वर नावं घेतलेले कॅमेरे त्या वाचत नाहीत, तुम्हालाच हाताने आकडा लावावा लागतो. १०० चा रोल चुकून ४०० वर लावून पूर्ण काढला तर घाबरू नका, धुवायला देताना दोन स्टॉप पुश करा (म्हणजे जास्त वेळ धुवा) असं सांगा. उलटं झालं, ४०० चा रोल १०० वर, तर निगेटिव्ह फिल्म बहुतेक वेळा निभावून नेते.

मीटर काय सांगतो आणि काय नाही

व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) के-१००० ला काटा दिसतो, मध्ये आला की बरोबर. एफएम-२ ला अधिक, शून्य आणि उणे अशा लाल खुणा लागतात. रिंग किंवा डायल फिरवून काटा मध्ये आणायचा एवढं सगळ्यांना येतं, पण मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो समोरचं सगळं सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी राखाडी. त्यामुळे बर्फ किंवा पांढरी भिंत चौकटभर असेल तर मीटर म्हणेल तसं केलंत तर ती मळकट राखाडी येणार, तिथे एक ते दोन घरं उजेड वाढवा. काळं कुत्रं चौकटभर असेल तर एक घर कमी करा.

सगळ्यात जास्त फसवते ती खिडकी. समजा ४०० चा रोल आहे, माणूस खिडकीजवळ बसलाय आणि खिडकी चौकटीत येतेय. लांबून मीटर एफ/४ ला १/२५० म्हणतो. आता जवळ जा, नुसता चेहरा चौकटीत भरेल इतकं जवळ, तुमची सावली चेहऱ्यावर पडू न देता, आणि परत मीटर बघा. एफ/४ ला १/६०. म्हणजे दोन घरांचा फरक, आणि लांबूनचं ऐकलं असतं तर चेहरा काळा आला असता. १/६० लावा, मागे जा, आता काटा काहीही ओरडू दे, त्याच्याकडे बघायचं नाही आणि फोटो काढायचा. मॅन्युअलचा खरा फायदा मला इथेच वाटतो, एकदा लावलं की कॅमेरा तुमच्या परस्पर काही बदलत नाही.

जवळ जाता येत नसेल तर त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून मीटर करा, तळहात मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक घर उजळ असतो म्हणून आलेल्या रीडिंगपेक्षा एक घर जास्त उघडा. आणि रंगीत किंवा ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर शंका आली की एक घर जास्त द्या, कमी देऊ नका, निगेटिव्ह जास्त उजेड सहन करते पण सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते नंतर कुणी आणू शकत नाही. स्लाइड फिल्मचं (जिच्यावर थेट सरळ रंगांतलं चित्र येतं) बरोब्बर उलटं, तिथे जास्त उजेड पडला की तो भाग कायमचा पांढरा.

मीटर बंद असेल तरी अडत नाही. भर उन्हात एफ/१६ ठेवायचं आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळचं, १०० ला १/१२५, ४०० ला १/५००. विरळ ढगातून ऊन आलं तर एफ/११, सावल्या अगदी पुसट झाल्या तर एफ/८, पूर्ण भरून आलं तर एफ/५.६, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत एफ/४. मीटर चालू असला तरी उन्हात एकदा याच्याशी ताडून बघा. ओएम-१ सारखे जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते, त्या आता मिळत नाहीत आणि १.५ व्होल्टची साधी घातली की मीटर चुकीचं सांगतो. के-१००० ला मीटरचा स्विचच नाही, लेन्सला टोपी लावली की तो शांत होतो, म्हणून पिशवीत ठेवताना टोपी लावा नाहीतर बॅटरी उतरते.

आधी काय लावायचं, शटर की अ‍ॅपर्चर

समोर काय आहे त्यावर ठरतं. धावणारी मुलं असतील तर शटर आधी, १/५०० लावा आणि अ‍ॅपर्चरने काटा जुळवा. चालणाऱ्या माणसाला १/१२५ पुरतं. पाणी रेशमासारखं हवं असेल तर १/४ किंवा त्याहून मंद, पण मग ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची तार). हातात धरून काढताना लेन्सच्या आकड्याच्या खाली जाऊ नका, ५० एमएमला १/६०, २०० एमएमला १/२५०. श्वास सोडून झाल्यावर, कोपर छातीला टेकवून, बटण टोचल्यासारखं न दाबता बोट पसरून हळू दाबा.

समोर स्थिर माणूस असेल तर अ‍ॅपर्चर आधी. ५० एमएमची लेन्स, एक मीटर अंतर, एफ/२, तर फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम पाच सेंटिमीटर, जवळचा डोळा स्पष्ट आणि कान धूसर. सुरुवातीचे पोर्ट्रेट एफ/४ वर काढा, फोकस चुकायचं प्रमाण बरंच कमी होतं. ग्रुप फोटोला एफ/८.

कधी कधी घरंच संपतात. ४०० चा रोल भर उन्हात, १/१००० ला एफ/११ लागतं, तुम्हाला एफ/२ हवंय, म्हणजे अजून पाच घरं, आणि के-१००० ची डायल १००० ला संपली. तिथे डायलवर उपाय नाही, माणसाला सावलीत न्या किंवा पुढच्या वेळी १०० चा रोल घाला, त्याने पाचपैकी दोन घरं तरी मिळतात. उलट बाजूला, १ सेकंदाच्या पुढचं एक्सपोजर असेल तर फिल्म मंदावते, मीटर म्हणतो त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, किती ते प्रत्येक फिल्मच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

फोकस

बऱ्याच कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दुभंगलेला गोल असतो, त्यात उभी रेघ शोधा, दाराची चौकट, चष्म्याची काडी, शर्टाची कड, ती दोन तुकड्यांत तुटलेली दिसते, रिंग फिरवून सांधली की फोकस झाला. रेघ आडवीच असेल तर कॅमेरा तिरका करून फोकस करा आणि परत सरळ करा. एफ/५.६ वाल्या झूमला या गोलाची अर्धी बाजू काळी होते, कॅमेरा बिघडलेला नाही, अशा वेळी बाजूच्या घासलेल्या काचेवर फोकस बघा.

रस्त्यावर भराभर काढायचं असेल तर फोकस आधीच लावून ठेवा. २८ एमएमची लेन्स, एफ/८, फोकस साधारण सव्वातीन मीटरवर, की दीड-पावणेदोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. लेन्सवर फोकसच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅपर्चरचे आकडे कोरलेले असतात ते याचसाठी, निवडलेल्या आकड्याच्या दोन रेघांच्या मध्ये जेवढं अंतर दिसतं तेवढं स्पष्ट.

रोल घालताना

सावलीत घाला. डबी डाव्या खणात बसवा, नॉब खाली दाबा, फिल्मचं टोक उजव्या स्पूलच्या फटीत सरकवा आणि लिव्हर सावकाश ओढा. वरची आणि खालची दोन्ही भोकं दात्यांवर बसलेली दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही. मग झाकण लावून रिवाइंडची दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून आतला ढिलेपणा काढा, आणि आता प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना तो डावा नॉब उलटा फिरतोय का ते बघा. नॉब फिरतोय म्हणजे फिल्म सरकतेय. काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो रोल असो नसो पुढे जातो.

माझा एक अख्खा रोल यातच गेला. एका जवळच्या माणसाला भेटायला गेलो होतो, दिवसभर काढले, काउंटर ३६ च्या पुढे ३९ पर्यंत गेला तरी लिव्हर अडेना तेव्हा पोटात गोळा आला. टोक सुरुवातीलाच स्पूलमधून निसटलं होतं, एकही फ्रेम सरकली नव्हती. त्या माणसाचे फोटो परत काढायची संधी मिळाली नाही. तेव्हापासून दर फोटोनंतर डावा नॉब बघायची सवय गेली नाही.

झाकण लावल्यावर दोन फोटो कोरे मारा, काउंटर १ वर आला की सुरुवात.

फ्लॅश लावलात तर डायलवर रंगीत आकडा किंवा एक्स अशी खूण असते त्या स्पीडला किंवा त्याहून मंद ठेवा, के-१००० ला १/६०, नंतरच्या एफएम-२ ला १/२५०. त्याहून वेगवान ठेवलं तर पडदा पूर्ण उघडा असतानाचा क्षणच येत नाही आणि फोटोचा एक भाग काळा येतो. फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) भागिले अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर, आयएसओ १०० ला गाइड नंबर २० आणि माणूस अडीच मीटरवर, तर एफ/८.

रोल संपल्यावर

लिव्हर मध्येच घट्ट अडला की जोर लावू नका, फिल्म डबीतून तुटते किंवा भोकं फाटतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाशी छोटं बटण असतं ते दाबा (ओएम-१ ला समोरच्या बाजूला 'आर' लिहिलेली छोटी कळ असते ती फिरवा), डावी दांडी उलगडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. ताण जाणवत राहतो, मग एकदम जड होऊन सुटतो, त्यानंतर दोन-तीन वेढे अजून द्या आणि मगच झाकण उघडा. फार जोरात फिरवू नका, कोरड्या हवेत घर्षणाने ठिणग्या पडून फिल्मवर विजेसारख्या रेघा उमटू शकतात.

पहिल्या दोन-तीन रोलला छोटी वही ठेवा. फ्रेमचा नंबर, उजेड कसा होता, शटर, अ‍ॅपर्चर, मीटर ऐकला की स्वतःचं लावलं, एवढंच. एखादं दृश्य महत्त्वाचं असेल तर एक बरोबर, एक घर जास्त, एक घर कमी असे तीन काढा आणि तसं लिहा. निगेटिव्ह आली की नुसते स्कॅन बघू नका, कारण स्कॅन करणारा माणूस किंवा मशीन चुका झाकून टाकतं, मूळ पट्टीच खिडकीसमोर वहीशेजारी धरा. फ्रेम पातळ, जवळजवळ पारदर्शक असेल तर उजेड कमी पडला, खूप दाट काळी असेल तर जास्त. आणि सगळ्या फ्रेम कोऱ्या निघाल्या तर फिल्मची कड बघा, तिथे कंपनीचं नाव आणि आकडे उमटलेले असतात. ते स्पष्ट असतील तर धुलाई ठीक झालीय, फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघा. कडेचे आकडेही नसतील तर गडबड धुताना झालीय.